खसखशीएवढ्या भागांची कल्हई

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनींचा दहावीतला मुलगा बंद पडलेला वायफाय राउटर घेऊन आमच्याकडे आला. मी महापेला एमआयडीसीत सर्किट बोर्ड भरणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लाइन इन्चार्ज आहे, हे आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे कोणाकडे काही बंद पडलं की ते आधी आमच्या दारात येतं. राउटरचे रबरी पाय काढले, खालचे स्क्रू सोडवले आणि आतला हिरवा बोर्ड त्याच्या हातात दिला. बराच वेळ तो उलटसुलट करून बघत होता. मग म्हणाला, "काकू, हे एवढे एवढेसे तुकडे कोण लावतं? हाताने लावतात?"

"नाही रे, मशीन लावतं."

"मग तुम्ही दिवसभर काय करता?"

त्याने हे अगदी मनापासून विचारलं होतं. तसं वाटणारा तो एकटाच नाही. टीव्हीवर कारखान्याचं दृश्य दाखवतात तेव्हा मशीनचं डोकं टकटक करत भाग ठेवताना दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की झालं, बोर्ड तयार. पण भाग जागेवर ठेवणं हा या कामातला सोपा तुकडा आहे. ठेवलेला भाग बोर्डाशी जोडला जाणं आणि पुढची दहा वर्षं जोडलेला राहणं, यासाठी आमचा दिवस जातो.

त्या राउटरच्या बोर्डावर दोन जातीचे भाग होते. पॉवरची पिन खुपसतो तो सॉकेट आणि नेटच्या केबलचे चौकोनी सॉकेट यांना धातूचे पाय असतात. ते पाय बोर्डाच्या भोकांतून पलीकडे जातात आणि मागच्या बाजूला सोल्डर होतात, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडले जातात. याला थ्रू-होल म्हणतात. १९७०च्या दशकापर्यंत बहुतेक बोर्ड असेच बनत. बाकी सगळे बारीक काळे, तपकिरी तुकडे मात्र बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसलेले असतात. त्यांच्यासाठी भोक नसतं, तांब्याचा छोटासा चौकोन असतो, त्याला पॅड म्हणतात. हे सरफेस माउंट, बोलीत एसएमडी. ही पद्धत १९६०च्या दशकात आयबीएमने वापरली. सॅटर्न रॉकेटला दिशा देणाऱ्या संगणकात ती होती. घरगुती वस्तूंमध्ये ती १९८०च्या दशकात पसरली. भोकं गेल्यामुळे बोर्डाच्या दोन्ही बाजू भरता येऊ लागल्या, भाग लहान होत गेले, आणि म्हणून आज फोन खिशात मावतो.

राउटर का बंद पडला होता तेही सांगते. पॉवर सॉकेटच्या पायाभोवतीच्या सोल्डरवर भिंगातून पाहिलं तर केसासारखी काळी गोल रेघ होती. रोज पिन काढून घालून तो जोड तडकला होता. जिथे माणसाच्या हाताचा जोर पडतो तिथे आजही थ्रू-होलच का वापरतात, ते यावरून कळेल. भोकातून आरपार गेलेला पाय त्यातल्या त्यात जास्त ओढाताण सोसतो. इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, टेकवून तो जोड परत वितळवला आणि राउटर चालू झाला. पॅडवर नुसता बसलेला सॉकेट असता तर कदाचित पॅडसकट उखडून आला असता.

आता हे भाग किती लहान ते स्वयंपाकघराच्या मापाने सांगते. त्यांची नावं आकड्यांत असतात. १२०६ म्हणजे ३.२ मिलिमीटर लांब आणि १.६ मिलिमीटर रुंद, साधारण तिळाएवढा. ०४०२ म्हणजे १ बाय अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याएवढा. ०२०१ हा ०.६ बाय ०.३, बारीक रव्याचा कण म्हणा. हे आकडे इंचाच्या हिशोबातले आहेत: ०४०२ म्हणजे ०.०४ इंच बाय ०.०२ इंच. पण काही जण मिलिमीटरच्या हिशोबानेही लिहितात आणि तिथे घोळ होतो. कारण इंचातला ०२०१ मिलिमीटरमध्ये ०६०३ होतो, आणि इंचातला ०६०३ हा वेगळाच, त्याच्या अडीचपटीहून लांब भाग आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कॉलेजची मुलं आमच्याकडे बोर्ड भरायला आणतात, तेव्हा मी पाकिटावर पहिल्यांदा हेच बघते.

रेझिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह अडवणारा भाग, जरा मोठा असेल तर त्यावर आकडा छापलेला असतो. १०३ म्हणजे १०च्या पुढे तीन शून्यं, १०,००० ओहम. ४७२ म्हणजे ४,७०० ओहम. वीज थोडी साठवून ठेवणाऱ्या सिरॅमिक कपॅसिटरवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं, सगळे तपकिरी आणि सगळे सारखे. म्हणून भाग ज्यावर गुंडाळून येतात त्या रीळावरचं लेबल फाडू नका, असं मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. सांडलेले कपॅसिटर गोळा करून परत रीळात घालायचे नाहीत, ते सरळ टाकून द्यायचे. पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, पण चुकीचा कपॅसिटर लागलेला बोर्ड शोधण्याचा खर्च त्याहून कितीतरी जास्त असतो.

जोड कसा होतो हे समजायला मला कल्हईवाला आठवतो. लहानपणी कळव्याला आमच्या चाळीत तो यायचा. मातीत खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता मारायचा, आणि पितळेचं पातेलं चिमट्यात धरून तापवायचा. त्यात कथील टेकवायचा, नवसागराची पूड टाकायचा आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचा. पांढरा धूर उठायचा, आणि काळपट पातेलं आतून चांदीसारखं लख्ख व्हायचं. आम्हा मुलांना तो चमत्कारच वाटे. तेव्हा कोणी सांगितलं नाही, पण त्यात सगळं महत्त्वाचं काम नवसागर करत होता. तांब्या-पितळेवर हवेने गंजाचा पातळ थर चढलेला असतो. त्या थरावर वितळलेलं कथील टाकलं तर ते पसरत नाही, अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसतं. नवसागर गरम झाला की तो थर खाऊन टाकतो. खाली स्वच्छ धातू उघडा पडतो आणि मग कथील त्याला बिलगतं.

आमच्या कारखान्यात नेमकं हेच होतं, फक्त खसखशीच्या मापात. नवसागराच्या जागी फ्लक्स असतो, त्यात बहुधा झाडाची राळ असते. कथलाच्या जागी सोल्डर, ज्याला जुने कारागीर डाख म्हणत. त्यात मुख्य धातू कथीलच आहे. पूर्वी ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असायचं. ते १८३ अंशांना वितळतं. शिसं विषारी, म्हणून युरोपने जुलै २००६पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये ते बंद केलं, आणि हळूहळू आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांपर्यंतही बिनशिशाचं सोल्डर आलं. सर्वांत जास्त वापरतात त्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं. ते २१७ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. कागदावर हा फरक ३४ अंशांचा दिसतो. पण या फरकाने आमचं काम जास्त नाजूक करून ठेवलं, कारण भागांची सोसण्याची मर्यादा साधारण २६० अंशांवर संपते. खाली जोड नीट होत नाही, वर भाग मरतो, आणि मधली जागा अरुंद झाली.

सोल्डर आमच्याकडे तारेच्या रूपात कमी आणि पेस्टच्या रूपात जास्त येतं. करड्या रंगाची, टूथपेस्टसारखी लगदी. तिच्यात २० ते ३८ मायक्रॉनच्या, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण अर्ध्या जाडीच्या, सोल्डरच्या गोळ्या असतात आणि त्या फ्लक्समध्ये कालवलेल्या असतात. वजनात पाहिलं तर ९० टक्क्यांच्या आसपास धातूच. पण आकारमानात धातू आणि फ्लक्स जवळजवळ निम्मे निम्मे. म्हणून वितळल्यावर पेस्टची उंची निम्म्याने बसते.

ही पेस्ट फ्रीजमध्ये ठेवतात, कारण बाहेर तिच्यातला फ्लक्स खराब होत जातो. वापरायच्या आधी डबा बंदच ठेवून तीन-चार तास बाहेर काढून ठेवायचा, हा नियम आहे. का, ते मी एका जुलैत शिकले. तेव्हा मी दुसऱ्या एका कारखान्यात होते आणि नुकतीच शिफ्टची जबाबदारी मिळाली होती. बाहेर मुसळधार पाऊस, ठाण्याकडून येणाऱ्या गाड्या उशिरा, निम्म्या मुली पोचलेल्या नाहीत, आणि माल संध्याकाळी जायचा होता. सकाळी डबा काढायचं राहून गेलं होतं. मी फ्रीजमधून काढला आणि लगेच उघडला. फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटलीवर बाहेर काढताच दव साचतं ना, ते दव पेस्टवर साचलं. डोळ्याला काही दिसलं नाही. पेस्ट बोर्डांवर छापून झाली, भाग बसले, बोर्ड सोल्डर वितळवणाऱ्या ओव्हनमध्ये गेले. आत त्या पाण्याची वाफ झाली आणि तिने वितळलेलं सोल्डर तडतडत उडवलं, फोडणीत ओली मोहरी पडावी तसं. २८० बोर्डांवर भागांच्या आजूबाजूला सोल्डरचे बारीक चमकते मणी विखुरले होते. असा एक मणी दोन पायांच्या मध्ये अडकला की शॉर्ट. आम्ही तिघी दोन रात्री मायक्रोस्कोपखाली ते मणी वेचत होतो. तेव्हापासून मी डबा काढल्याची वेळ पेनाने डब्याच्या झाकणावरच लिहिते.

पेस्ट बोर्डावर लावतात ती छापून. रांगोळीचा छापा पाहिलाय ना, भोकं पाडलेला पत्रा, वरून रांगोळी ओढली की खाली नक्षी? आमचा स्टेन्सिल म्हणजे तेच. स्टेनलेस स्टीलचा साधारण ०.१२ मिलिमीटर जाडीचा पत्रा, त्यात लेझरने प्रत्येक पॅडसाठी एक खिडकी कापलेली. तो बोर्डावर अचूक बसतो आणि स्क्वीजी नावाची धातूची पट्टी पेस्ट ओढत नेते. पत्रा उचलला की प्रत्येक पॅडवर पेस्टची एकसारख्या उंचीची चौकोनी वडी राहते. राहायला हवी, असं म्हणते. खिडकीत पेस्ट सुकून अडकली तर वडी अर्धीच पडते, जोड उपाशी राहतो. पत्र्याच्या खाली पेस्ट लागली तर शेजारच्या दोन वड्या एकमेकींना चिकटतात. या धंद्यातला कोणीही अनुभवी माणूस सांगेल की बोर्डावरचे निम्म्याहून जास्त दोष छपाईच्या टेबलावर जन्मतात. म्हणून ठरावीक बोर्डांनंतर पत्र्याची खालची बाजू पुसायचीच. आणि छपाई बिघडली तर बोर्ड त्याच क्षणी धुऊन परत छापायचा, पुढे ढकलायचा नाही. इथे धुण्याला दोन मिनिटं लागतात, ओव्हननंतर तीच चूक अर्धा तास खाते.

यानंतर भाग ठेवण्याचं मशीन, सगळ्यांचं आवडतं. भाग कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीत एकेका खळग्यात बसवलेले आणि रीळावर गुंडाळलेले येतात. सात इंची रीळावर ०४०२चे १०,००० रेझिस्टर. पट्टी फीडरमधून पुढे सरकते, नोझल हवा ओढून भाग उचलतो, कॅमेरा खालून बघतो की तो किती वाकडा पकडलाय, आणि मशीन तेवढा वळवून ठेवतं. बोर्डाच्या कोपऱ्यात तांब्याचे छोटे गोल ठिपके असतात, त्यांना फिड्युशियल म्हणतात. मशीन त्यावरून बोर्ड कुठे आहे ते ओळखतं. मधल्या ताकदीचं मशीन तासाला २०-३० हजार भाग ठेवतं. मशीनचा वेग हा गुण आहे आणि धोकाही. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो; त्याचं रीळ उलट्या दिशेने चढवलं तर ५०० बोर्डांवर तीच चूक ५०० वेळा, अगदी बिनचूक होते. म्हणून पहिला बोर्ड भरला की लाइन थांबवतो. एक मुलगी यादी वाचते, दुसरी भिंगातून एकेक भाग बघते. या पहिल्या नगाला आमच्यात फर्स्ट पीस म्हणतात. तो पास झाल्याशिवाय दुसरा बोर्ड भरत नाही, मग मालक मागे उभे असले तरी.

आता ओव्हन. हा लांबलचक बोगदा असतो. आत चेनवरून बोर्ड सरकत जातो आणि एकेका टप्प्यात हवा वेगवेगळी तापवलेली असते. आधी हळूहळू ऊब, सेकंदाला एक ते तीन अंशांच्या आत, कारण सिरॅमिकचे भाग एकदम तापले तर तडकतात. मग १५० ते २०० अंशांमध्ये मिनिट-दीड मिनिट. इथे फ्लक्स जागा होतो, गंज साफ करतो, आणि लहान-मोठे सगळे भाग एका तापमानाला येतात. मग २१७च्या वर, २४०च्या आसपास शिखर. सोल्डर वितळलेलं राहायचा काळ एक ते दीड मिनिट. मग थंड. बोगद्यातून आरपार जायला एकूण पाच-सहा मिनिटं.

त्या मिनिट-दीड मिनिटात काय होतं ते मी किती वेळा पाहिलं तरी मन भरत नाही. आमच्या ओव्हनला काच नाही, पण टच-अपच्या, म्हणजे हाताने दुरुस्ती करायच्या, टेबलावर मायक्रोस्कोपखाली गरम हवेने एखादा भाग बसवताना ते दिसतं. आधी पेस्ट मळकट करडी असते. फ्लक्स पाण्यासारखा पातळ होऊन चकाकतो. मग एकाएकी, डोळ्याची पापणी लवावी एवढ्या वेळात, करड्या कणांचा आरसा होतो. आणि त्याच क्षणी तिरका ठेवलेला भाग आपणहून हलतो, सरळ होतो आणि पॅडच्या बरोबर मध्यावर येऊन थांबतो. त्याला कोणी ढकललेलं नसतं. द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो, तो दोन्ही टोकांनी सारखा ओढतो आणि भाग मध्ये येतो. मशीनने थोडं वाकडं ठेवलेलं सोल्डर सुधारून घेतं. जोड होतो तो इथे: कथील आणि तांबं मिळून सीमेवर काही मायक्रॉनचा एक नवाच थर तयार होतो. तो थर आहे म्हणजे धातू जुळला. नुसतं सोल्डर चिकटल्यासारखं दिसतंय आणि खाली तो थर नाही, तर तो ड्राय सोल्डर. आज चालेल, उद्या टपलीवर बंद पडेल.

हाच ताण उलटतोही. एका टोकाचं सोल्डर क्षणभर आधी वितळलं तर ते एकटंच ओढतं, आणि खसखशीएवढा भाग एका टोकावर सरळ उभा राहतो. याला टोम्बस्टोन म्हणतात, थडग्याचा दगड. बहुतेक वेळा दोष ओव्हनचा नसतो. एका पॅडला तांब्याचा मोठा पट्टा जोडलेला असतो, तो उष्णता पिऊन टाकतो आणि तिकडचं टोक मागे राहतं. बोर्ड आखणाऱ्याने तो पट्टा बारीक फांद्यांनी जोडला असता तर हे टळलं असतं. मशीनसमोर उभी असलेली मुलगी सगळ्या लाइनवर सर्वांत आधी हे ओळखते, म्हणून डिझाइनवाल्यांनी तिचं ऐकावं.

पावसाळ्याचा आणखी एक त्रास आहे, आणि खाडीकाठच्या या भागात तो मोठा आहे. चिपचं काळं प्लास्टिक हवेतली ओल शोषतं. ओलसर चिप २४० अंशांत गेली की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर यायला वाट मिळत नाही आणि चिप आतून फुगून तडकते. इंग्रजीत याला पॉपकॉर्न म्हणतात. श्रावणात नागपंचमीच्या लाह्या फुटतात तोच प्रकार. म्हणून अशा चिप हवाबंद पाकिटात येतात, आत ओल दाखवणारं रंग बदलणारं कार्ड असतं. पाकिटावर पातळी छापलेली असते. ३ पातळीची चिप पाकीट फोडल्यापासून १६८ तासांत, म्हणजे आठवड्यात, वापरायची. तीही खोलीत ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या आत असेल तर. जुलैत महापेला बाहेरची हवा यापेक्षा कितीतरी ओली असते, त्यामुळे आमचं ओल शोषणारं मशीन दिवसरात्र चालतं. मुदत उलटली तर चिप भाजून सुकवतात. ट्रेमधल्या १२५ अंशांना काही तासांत सुकतात. रीळावरच्या मात्र ४० अंशांना कित्येक दिवस ठेवाव्या लागतात, नाहीतर प्लास्टिकची पट्टीच वितळेल.

ओव्हनमधून आलेला बोर्ड कॅमेऱ्याचं मशीन तपासतं. भाग आहे का, सरळ आहे का, सोल्डर पायावर चढलंय का. पण ज्या चिपचे जोड पोटाखाली गोळ्यांच्या रूपात असतात, ज्यांना बीजीए म्हणतात, तिथे कॅमेऱ्याला काही दिसत नाही. तिथे एक्स-रेच लागतो. त्यातही सगळ्यांत फसवा दोष म्हणजे चिपची गोळी आणि खालचं सोल्डर एकमेकांवर टेकलेत पण एकजीव झालेले नाहीत, उशीवर डोकं ठेवल्यासारखे.

आणि एवढं सगळं नीट होऊनही बोर्ड शेवटच्या मिनिटाला मरू शकतो. छोटे बोर्ड एका मोठ्या पॅनलमध्ये जोडून भरतात आणि शेवटी वेगळे करतात. मध्ये खाच असते, आणि ती बघून प्रत्येकाचा हात शिवशिवतो, चॉकलेटची वडी मोडावी तसा. पण मोडताना बोर्ड वाकतो. खाचेजवळ सिरॅमिक कपॅसिटर असेल तर त्याला आतून चीर पडते. सोल्डर शाबूत, कपॅसिटर बाहेरून अगदी नवा, टेस्टिंगलाही पास. काही महिन्यांनी त्या चिरेत ओल शिरते आणि तो शॉर्ट होऊन जळतो. आमच्याकडे असा एक बोर्ड परत आला होता, कपॅसिटरच्या जागी काळा डाग. त्यानंतर आम्ही गिऱ्हाइकांना सांगून खाचेजवळचे कपॅसिटर खाचेला समांतर करून घेतले, कारण खाचेच्या काटकोनात असला तर वाक थेट त्याच्या लांबीवर येतो. आणि पॅनल कापायला मशीन घेतलं. सॅम्पलचा एकच बोर्ड वेगळा करायचा असला तरी तो मशीनवरच जातो.